ओपनपेसातल्या पाट्या

चिखलीला मेहकर रोडच्या अंगाला प्लॉट पाडून वसलेलं भगवानरावांचं लेआऊट आहे. म्हणजे मालकीचं नव्हे, त्यात त्यांचा एकच प्लॉट. पण लेआऊट समितीचे अध्यक्ष ते पहिल्यापासून. त्यांच्याविरुद्ध आजवर कुणी उभं राहिलं नाही, कारण निवडणूकच कधी झाली नाही.

या लेआऊटच्या मधोमध एक मोकळी जागा सोडलेली आहे. नकाशात तिच्यावर 'ओपन स्पेस' असं छापलं होतं. बायकांच्या तोंडी त्याचं 'ओपनपेस' झालं आणि हळूहळू ते एखाद्या गावाचं नाव असावं तसं चालू लागलं. "कुठं गेली होती वं?" असं विचारलं की "ओपनपेसात" असं उत्तर यायचं.

ओपनपेसात एक म्हातारा कडुलिंब, एक पिंपळ, चार-दोन करंज आणि एक असं झाड होतं की ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनात भगवानरावांनी भाषणाच्या ओघात त्या झाडाकडे हात केला आणि हे चंदन आहे, लेआऊटनं त्याचा अभिमान बाळगावा, असं जाहीर करून टाकलं. आठवड्याच्या आत त्याची एक जाड फांदी कुणीतरी करवतीनं कापून नेली.

"पाहा! चंदन होतं म्हनूनच नेली ना?" भगवानराव म्हणाले. चोरीपेक्षा आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर जास्त होतं.

झाड शिवणीचं होतं. हे त्यांना त्यांच्या सुनेनं सांगितलं. करिष्माचं माहेर अमडापूरचं, शिक्षण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. लग्नानंतर ती नवऱ्याच्या, गणेशच्या, कृषी केंद्रात काउंटरवर बसायची आणि शेतकऱ्यांनी मोबाईलवर आणलेले फोटो पाहून सोयाबीनवर कोणती अळी आहे ते सांगायची. तिच्या शिक्षणाचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. झाडाचं नाव मात्र तिला विचारावं, हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

"मामाजी, आपन झाडायले पाट्या लावू," ती म्हणाली. "नाव, उपयोग, कोनते पक्षी येतात, सगळं लेहू. पुन्हा कोनी फसनार नाई."

"म्हंजे चोर फसू नये म्हनून पाट्या?" गणेश म्हणाला.

तो हसला, पण करिष्माच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. थोड्याच दिवसांत तिला पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात मोबाईलवर दिसली. शहरांमधल्या मोकळ्या जागांत निसर्गाची माहिती देणारे बारा फलक लावायला संस्था अनुदान देणार होती. अट एवढीच, की जागा लोकांच्या वापरातली हवी, रहिवाशांची समिती हवी आणि नगरपालिकेचं ना-हरकत पत्र हवं. पत्र गणेशनं आणून दिलं. समिती म्हणजे भगवानराव होतेच.

त्यांनी लगेच आपल्या पोर्चमध्ये बैठक बोलावली. तिथं पहिला आक्षेप उकंडरावांचा आला. लेआऊट पडायच्या आधीपासून त्यांची भाजीची वाडी ओपनपेसाला लागून होती, आणि त्यांची भुरी नावाची म्हैस रोज दुपारी वाडीतून निघून ओपनपेसातल्या लिंबाखाली येऊन बसायची.

"झाडाले पाटी कायले पाह्यजे?" उकंडराव म्हणाले. "झाडाले कोनी पत्र धाडून राह्यलं का?"

"माहितीची पाटी हाये ते, काका," करिष्मा म्हणाली.

"पाटी जरा रुंद करजो वं," झुंबरबाई, म्हणजे करिष्माची सासू, आतून म्हणाली. "कुरडया वाळवाचं पातळ बांधाले कामी येईन."

कुणी म्हणालं, पाटीवर 'येथे थुंकू नये' हे आधी लिहा. मग माहितीचं पाहू. भगवानरावांचं म्हणणं वेगळंच होतं. प्रत्येक पाटीवर अध्यक्षांचा फोटो असलाच पाहिजे.

"पाटी झाडाची हाये, मामाजी. फोटो लावला तं झाडाचा लावू."

"झाडाचा कायले? झाड तं तिथंच उभं हाये."

करिष्मानं चहा आणला आणि बैठक संपली.

अर्ज मोबाईलवरच भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: या जागेचा वापर कोण आणि कसा करतं? करिष्मानं खरं ते लिहिलं. बायका कुरडया वाळवतात, म्हातारी माणसं पत्ते खेळतात, पोरं क्रिकेट खेळतात, लिंबाखाली एक म्हैस बसते. पाठवण्याआधी तिनं ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. भगवानरावांनी डोक्याला हात लावला.

"म्हैस? पुन्याच्या लोकायले म्हैस सांगून राह्यली तू? अन् पत्ते? जागा आपली हाये का जुगाराचा अड्डा हाये? खोड ते. मी सांगतो तसं लेह."

त्यांनी डोळे मिटले आणि भाषणाच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "ज्येष्ठ नागरिकांची योगसाधना. बालकांचे निसर्गवाचन. महिलांचे सामूहिक चिंतन."

"कोनत्या महिला चिंतन करतात, मामाजी?"

"तुही सासू. दिवसभर बसून रायते. काही ना काही चिंतन करतच असन ना?"

करिष्माला ते पटलं नाही. पण मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर ओपनपेसभर उभ्या असलेल्या बारा पाट्या दिसत होत्या. तिनं म्हैस खोडली, पत्ते खोडले, चिंतन लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला. त्या दिवशी जेवताना तिचं लक्ष लागलं नाही.

मार्चमध्ये पुण्याहून फोन आला. संस्थेच्या सारिका मॅडम जागा पाहायला येणार होत्या.

"येत्या गुरुवारी येते," त्या म्हणाल्या. "तुमची योगसाधना कधी असते? तेव्हाच पोहोचेन."

भगवानराव समोरून हातवारे करत होते. सकाळी म्हणावं की संध्याकाळी, ते त्या हातवाऱ्यांवरून कळेना. करिष्मा गडबडली आणि म्हणाली, "दुपारी."

"दुपारी? उन्हात?"

"हो. म्हणजे... इकडे ऊन असतंच."

पलीकडून "बरं" असं ऐकू आलं.

आता जे लिहिलं होतं ते उभं करणं भाग होतं. पत्ते खेळणाऱ्यांना भगवानरावांनी पांढरे कपडे घालून यायला सांगितलं. क्रिकेटवाल्या पोट्ट्यांना पुस्तकं आणायला सांगितली. बायकांना कुरडया एक दिवस गच्चीवर न्यायला लावल्या. राहिली भुरी. तिच्यासाठी ते स्वतः वाडीत गेले.

"उकंडराव, गुरुवारी भुरीले वाडीतच बांधा."

"काऊन? तिनं काय केलं?"

"पुन्याची मॅडम येऊन राह्यली."

"मंग? मॅडम म्हशीले भेते का?"

"तसं नाई हो. चांगलं दिसत नाई."

उकंडरावांनी वांग्याच्या वाफ्यातलं गवत उपटून बाजूला टाकलं. "पावना आला म्हनून घरातलं मानूस कोनी लपवते का, भगवानराव?" ते म्हणाले. पण शेवटी शेजाऱ्याचा शब्द म्हणून त्यांनी मान हलवली.

गुरुवारी ओपनपेस ओळखू येत नव्हतं. झाडलोट झाली होती, पाणी शिंपडलं होतं. लिंबाखाली, भुरीच्या नेहमीच्या जागेवर, दोन बांबूंना बांधलेलं फ्लेक्स होतं. त्यावर हात जोडलेले भगवानराव सारिका मॅडमचं हार्दिक स्वागत करत होते. फ्लेक्सच्या पुढ्यात सतरंजीवर खरे भगवानराव पद्मासनात बसले होते. या आसनात ते जन्मात बसले नव्हते. एक पाय त्यांनी स्वतः घातला होता. दुसरा झुंबरबाईनं दोन्ही हातांनी ओढून वर बसवून दिला होता आणि मग ती पिंपळाखाली बायकांच्या घोळक्यात जाऊन डोळे मिटून बसली होती.

सारिका मॅडम भाड्याच्या गाडीनं आल्या. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. म्हातारे श्वास रोखून बसले होते. पोरं पुस्तकात डोकं घालून बसली होती. एकाच्या हातात दहावीच्या गणिताचं गाईड होतं आणि ते उलटं होतं.

मॅडम पिंपळाखाली गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजच्या चिंतनाचा विषय काय आहे?"

झुंबरबाईनं एक डोळा उघडला. "कुरडया."

"कुरडया?"

"हाव बाई. यंदा गहूच असा निंघाला, का चीक तुटून राह्यला. आमी सगळ्याजनी त्याच्यावरच इचार करून राह्यलो."

तेवढ्यात शेजारून घोरण्याचा आवाज आला. उकंडरावांची बायको मंजुळाबाई पिंपळाला टेकून झोपली होती. तोंड उघडं, पदर खाली.

"आणि या?" मॅडमनी विचारलं.

"ते खोल गेली," झुंबरबाई म्हणाली.

करिष्मा ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती. हसावं की जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणावं, ते तिला कळत नव्हतं. आणि त्याच वेळी वाडीच्या कुंपणातून भुरी आली.

उकंडरावांनी तिला बांधलं होतं हे खरं. कसं बांधलं होतं ते अजून त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. दाव्याचं टोक फरफटवत ती शांतपणे ओपनपेस ओलांडून निघाली. तिच्या शेजारून एक पांढराशुभ्र बगळा चालत होता, रोजच्यासारखा. पोट्ट्यांनी पुस्तकं टाकून आरोळी ठोकली. योगसाधक उठून पळाले. पळाले नाहीत ते फक्त भगवानराव. त्यांचे पाय सुटत नव्हते.

"हड!" ते बसल्या जागेवरून म्हणाले. "हड हड! उकंड्या, तुही म्हैस पाह्य बे!"

भुरीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्या जागेवर हे काय उभं केलंय, म्हणून तिनं बांबू हुंगला. मग त्याला मान घासली. बांबू वाकला, फ्लेक्स खाली आलं आणि भुरी चार पाय दुमडून हात जोडलेल्या भगवानरावांवर बसली. खऱ्या भगवानरावांनी मान वळवली, तर त्यांचं नाक आणि तिचं नाक समोरासमोर होतं.

वाडीचं पाणी झिरपून तिथलं गवत हिरवं राहायचं. भुरीच्या बसण्यानं त्यातून नाकतोडे उडाले. बगळ्यानं मान लांब केली आणि एक नाकतोडा भगवानरावांच्या गुडघ्यावरून उचलला.

"काका, हलू नका!" सारिका मॅडम गुडघ्यावर बसून कॅमेरा काढत म्हणाल्या.

"मी कायचा हलतो बाप्पा!"

मॅडमनी पुष्कळ फोटो काढले. मग विचारलं, "ही रोज येते इथे?"

कुंपणाजवळून उकंडराव म्हणाले, "रोज. लेआऊट नव्हतं तवापासून. हिची माय बी इथंच बसत होती."

"मॅडम, अर्जात जे लिहिलंय ना..." करिष्मानं सुरुवात केली.

"चूक माही हाये," भगवानराव म्हणाले. ऐटीत नाही, साध्या घरगुती आवाजात. "सुनेनं खरं लेहलं होतं. म्हैस बी लेहली होती. मीच खोडाले लावलं. आता कोनीतरी माहे पाय सोडवा."

झुंबरबाईनं आणि उकंडरावांनी दोन बाजूंनी धरून त्यांचे पाय सोडवले. सारिका मॅडम हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "हा अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही. सगळीकडे हेच बघते आहे मी. जिथे जाईन तिथे योग चालू असतो. खरं काय चालतं ते मला कुणी दाखवतच नाही."

करिष्मानं वाद घातला नाही. बारा पाट्या एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तिनं फक्त विचारलं, "पुन्हा अर्ज करता येईल का?"

"मोठ्या अनुदानाची मुदत संपली. लहान एक आहे, तीन फलकांचं. त्याला या महिन्याच्या अखेरपर्यंत वेळ आहे. पण त्यात तुम्हाला काय शिकवायचंय ते नको. इथे बसणाऱ्या माणसांना काय विचारायचंय ते लिहा."

जाण्याआधी झुंबरबाईनं त्यांना घरी नेऊन तळलेल्या कुरडया खाऊ घातल्या. चीक तुटलेल्याच होत्या. मॅडमनी दोनदा मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून करिष्मा दुकानातून दुपारी लवकर निघून ओपनपेसात येऊन बसू लागली. तिथं पुन्हा पत्ते होते, कुरडया होत्या, लिंबाखाली भुरी होती. "तुमाले इथलं काय इचारावं वाटते?" असं ती एकेकाला म्हणायची. पहिले काही दिवस कुणाला काही विचारावंसं वाटेना. एम.एस्सी. झालेल्या सुनेसमोर आपण काहीतरी खुळं बोलून बसू, अशी सगळ्यांना भीती.

ती भीती मंजुळाबाईनं मोडली. "मले सांग वं," ती म्हणाली, "पिंगळा वरडला का मानूस मरते म्हनतात. या लिंबाच्या ढोलीतला पिंगळा रोज वरडून राह्यला. मंग माहा म्हातारा तं अजून हाये!"

"तुले काय घाई झाली?" उकंडराव पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले. सगळे हसले आणि मग प्रश्न सुटलेच. झुंबरबाईला विचारायचं होतं, की टिनाच्या शेडखाली भट्टी वाटते, मग लिंबाखालीच गार काऊन वाटते? सावली तं दोन्हीकडं सारखीच. उकंडराव म्हणाले, बगळा म्हशीच्याच मांगं काऊन फिरते ते लेह. मी एवढा वाडीत फिरतो, माह्या मांगं नाई येत. करिष्मा उत्तरं सांगू लागली की कुणीतरी मधेच तिला थांबवायचं, दुसरा आपलं पाहिलेलं सांगायचा, आणि पत्त्यांचा डाव तसाच पडून राहायचा. कॉलेज सुटल्यापासून तिला इतकं बोलायला मिळालं नव्हतं.

तिनं तीन प्रश्न निवडले आणि अर्ज नव्यानं लिहिला. जागेच्या वापरात कुरडया, पत्ते, क्रिकेट आणि म्हैस, सगळं आलं. या वेळी तिनं तो वाचून दाखवला नाही, सरळ सासऱ्यांच्या हातात मोबाईल दिला. भगवानरावांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हैस कोनत्या रंगाची हाये ते नाई लेहलं."

अनुदान मंजूर झालं. मग पुण्याहून एक अडचण आली. पाट्यांचा मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी 'बगळा म्हशीच्या मांगं काऊन फिरते?' यातल्या 'मांगं'चं 'मागे', 'काऊन'चं 'का' आणि 'फिरते'चं 'फिरतो' करून पाठवलं होतं. करिष्मानं सारिका मॅडमना फोन लावला. अर्जाच्या वेळी ती अशी बोलली नव्हती.

"मॅडम, प्रश्न उकंडकाकांचा आहे. तो त्यांच्याच शब्दांत राहू द्या. नाहीतर ते म्हणतील, हे मी विचारलंच नव्हतं."

"आणि उत्तर?"

"उत्तर माझं आहे. ते तुम्ही तपासा."

तसंच झालं. वर प्रश्न वऱ्हाडीत आणि खाली उत्तर पुस्तकी मराठीत. म्हैस चालते तेव्हा गवतातले किडे उडतात, ते बगळ्याला आयते मिळतात. पिंगळा उंदीर आणि किडे खातो, माणसाच्या मरणाशी त्याचा काही संबंध नाही. झाड पानांतून पाणी वाफेनं सोडतं, म्हणून त्याची सावली टिनाच्या सावलीपेक्षा थंड. करिष्मानं प्रत्येक ओळ इतक्यांदा लिहून खोडली होती, की गणेशला दुकानात बसल्या बसल्या ती पाठ झाली होती.

गणपतीच्या सुमारास पाट्या बसल्या. कुणाचाही फोटो लावायचा नाही असा संस्थेचा नियमच होता. भगवानरावांनी तो ऐकून घेतला आणि नारळ तरी आपणच फोडणार असं सांगितलं. नारळ त्यांनी तीन फोडले, पाटीला एक. भाषणही केलं. त्यात त्यांनी कुठल्याही झाडाचं नाव घेतलं नाही. बगळ्याची पाटी भुरीनं पहिल्याच दिवशी मान घासून पाहिली. पण लोखंडी खांब काँक्रीटमध्ये होते, हलले नाहीत. तेव्हापासून ती रोज तिथं मान घासते.

दोन महिन्यांनी सारिका मॅडमचा निरोप आला, की लोक पाट्या वाचतात का ते एकदा बसून पाहा आणि कळवा. करिष्मा एका रविवारी दुपारी पिंपळाखाली जाऊन बसली. लेआऊटातल्या कुणी पाटीकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांना सगळं तोंडपाठ होतं, आणि पत्ते वाटून झाले होते. पोट्ट्यांनी पिंगळ्याच्या पाटीचा स्टंप केला होता. करिष्माचं मन जरा खट्टू झालं. काय कळवावं याचा ती विचार करत होती.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी साखरपुड्याला साखरखेर्ड्याहून पाहुणे आले होते, त्यांतला असावा. तो बगळ्याच्या पाटीसमोर थांबला. हात पाठीमागे बांधून त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली, ओठ हलवत, सावकाश. मग भुरीकडे पाहिलं, बगळ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाटीकडे. मग लिंबाच्या पाटीकडे गेला आणि तीही वाचली. करिष्मा श्वास धरून पाहत होती.

तो वळला, तर त्याला ती दिसली.

"बाई, हे कोन लेहलं हो?"

"मी लेहलं," करिष्मा म्हणाली.

"लय चांगलं लेहलं," तो मनापासून म्हणाला. "समजते. फक्त मुतारी कुठं हाये तेवढं लेहाचं राह्यलं."

करिष्माला हसू आवरेना. तिनं वाडीच्या मागची वाट हातानं दाखवली. पाहुणा घाईघाईनं त्या वाटेनं गेला.

थोड्या वेळानं तो परत आला. उपरणं नीट केलं, साखरपुड्याच्या मांडवाकडे एकदा पाहिलं. आणि तिकडे न जाता, पोट्ट्यांचा खेळ थांबवून, राहिलेली पिंगळ्याची पाटी वाचायला लागला.